अर्ध्या दिवसाची हळद

"उद्या दहाला घरातच ऱ्हावा वैनी. तलाठी मॅडम चौकशीला येणार हायत," लखू कोतवालानं सायकलवरून न उतरताच सांगितलं.

मी नुकतीच वखारीतून आले होते. पायातली चप्पलही काढली नव्हती. पाण्याचा तांब्या तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला.

"उद्या? उद्या ऐतवार हाय की रं."

"म्याबी त्येच म्हणलं. तर म्हणाल्या, उद्याच जायाचं. आन् फाइलबी एकच काढलीया. तुमची."

"माझी एकटीचीच?"

"व्हय," म्हणून तो पायडल मारत गेलासुद्धा.

मी चप्पल घालूनच उंबऱ्यावर बसले. एवढ्या बायकांनी अर्ज केले होते आणि सुट्टीच्या दिवशी चौकशी एकट्या माझी. सरकारी माणूस रविवारी घराबाहेर पडतो तो एक तर निवडणुकीला, नाहीतर कुणाला तरी धरायला, अशी माझी समजूत होती. निवडणूक काही जवळ नव्हती.

याला आता बारा वर्षं झाली. त्या वेळी मला पासष्ट पुरी झाली होती. सांगलीच्या बाजारात हळद निवडायला बसून अडतीस वर्षं. काम म्हणाल तर साधं. पोती फरशीवर ओतायची, भोवती बसायचं आणि हळकुंड एकीकडं, गड्डा एकीकडं, तुटकी कणी तिसरीकडं करायची. सकाळी आठला बसलेली बाई सहाला उठायची. घाम पुसला तर पदर पिवळा, खोकलं तर थुंकी पिवळी. नवरा गेला तेव्हा मी सत्तावीसची, शालन चार वर्षांची. कपाळाचं कुंकू गेलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी हळदीच्या ढिगाजवळ येऊन बसले. वखारीत निम्म्या बायका माझ्यासारख्याच. आम्ही एकमेकींना चिडवायचो, की अख्ख्या मुलखाच्या नवऱ्या आपण पिवळ्या करायच्या आणि लग्नघरात हळदीच्या परातीजवळ आपल्याला कुणी फिरकू द्यायचं नाही. हसायचो आणि पुढचं पोतं ओढायचो. रीतच होती ती, तिच्यावर कोण भांडत बसतंय.

आदल्या दिवाळीनंतर माझी छाती भरायला लागली. एकदा तर पोत्यांवरच आडवी झाले. डॉक्टर म्हणाले, ही धूळ बंद करा. बंद केल्यावर खायचं काय, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही. मग मीच मधला रस्ता काढला. शेटजींना म्हणाले, दुपारी एकपर्यंत बसते. ते म्हणाले, बसा, पण रोज अर्धा. मी मान डोलावली. एक वाजता मी उठले की बाकीच्या बायका वर बघायच्या, आणि मला काही चोरून चालल्यासारखं वाटायचं.

अर्ध्या रोजात खोलीचं भाडं आणि पोटापुरतं भागायचं, औषध नाही. तेव्हा कुणीतरी निराधारच्या पगाराचं सुचवलं. महिन्याला सरकारकडून थोडे पैसे येतात, त्याला गावाकडं सगळे पगारच म्हणतात. स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या नेजकराकडं फॉर्म भरायला गेले. 'सध्या काय काम करता' या रकान्याशी तो थांबला. मी म्हणाले, "अर्धा दिवस हळद निवडते."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मावशी, असं लिवलं की फाइल तिथंच बाद. काम करणाऱ्याला सरकार कशाला पोसंल?" आणि माझं उत्तर यायच्या आत त्यानं लिहून टाकलं : काही काम करत नाही. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, की माहिती खोटी निघाल्यास मी कारवाईस पात्र राहीन. त्याच्याखाली माझी सही. मी सातवी शिकलेले. मला वाचता येत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती. वाचूनच सही केली होती.

आता उद्या दहाला ती ओळ आणि माझे हात समोरासमोर येणार होते.

हळद निवडणाऱ्या बाईला हात लपवता येत नाहीत. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, तळव्याच्या भेगा, सगळ्यात ती मुरलेली असते. पगार मंजूर झाला तर माझा अर्धा दिवस टिकणार होता. नाही झाला तर परत आठ ते सहा, आणि तसं केलं तर पुढची दिवाळी मला दिसणार नव्हती. तिसरी वाट लेकीच्या दाराची. जावई वाईट नव्हता, पण त्याची आई घरातल्या भाकरी मोजणारी बाई होती. आणि खोटं पकडलं गेलं तर? मला तर पोलीसच दिसायला लागले. कारवाई म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती मनात वाढतच गेली.

मी मोरीवर बसले, धुण्याचा सोडा मुठीनं घेतला आणि हात घासायला लागले. भीतीनं माणसाची अक्कल कुठं जाते बघा. सोड्यानं हळद लाल होते हे वखारीत काल आलेल्या बाईलाही माहीत असतं. कुंकू दुसरं कशाचं होतं? चार तांबे पाणी ओतून बघते तर दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढावेत तसे.

तेवढ्यात रशीदा आली. ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहायची. कितीतरी वर्षं वखारीत माझ्या शेजारी बसलेली, मग गुडघे गेले म्हणून घरी गोधड्या शिवायची. दारातच तिनं छातीला हात लावला.

"या अल्ला, काय कापून घेतलंस गं?"

"काय न्हाई कापलं. सोडा लावला."

"तू? सोडा?" तिनं माझं तोंड बघितलं आणि हसणं गिळलं. "काय झालं मालन?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझे दात वाजत होते, एप्रिलच्या उन्हात. ती घरात जाऊन अर्धं लिंबू घेऊन आली आणि माझ्या हातांवर चोळायला लागली. लाल गेला, पिवळा परत आला. घासून घासून दोन बोटांची सालं निघाली होती, तिथं लिंबू असं झोंबलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"आता सकाळच्याला उन्हात धरून बस," रशीदा म्हणाली. "कापडावरचा डाग उन्हानं उडतोय का न्हाई? तसंच."

"आन् न्हाई उडला तर?"

"तर सांग, घरात लगीन हाय, हळद लावली. लगीनसराई हाय, आता कुणाचं हात पिवळं न्हाईत?"

हे मला लगेच पटलं. पुतण्याचं लग्न म्हणायचं, हळद परवा झाली म्हणायचं, असं आम्ही दोघींनी बसून ठरवलं. नवरी कुठली, तेसुद्धा ठरवलं. त्यात काय चुकतंय ते रशीदाच्या ध्यानात आलं नाही तर नवल नव्हतं. माझ्या यायला पाहिजे होतं.

सकाळी मी वखारीतलं लुगडं, डोक्याला बांधायचं फडकं, बसायचं पोतं, सगळं गुंडाळून रशीदाच्या खाटेखाली सरकवलं. हळदीचा वास घराला येतो असं वाटून उदबत्त्या लावल्या. मग अंगणात पाटावर बसले आणि दोन्ही हात उन्हात पसरून धरले, वाळवणाचे पापड धरावेत तसे. येणारा-जाणारा बघत होता. मी आपली पालथे करत होते, उताणे करत होते.

दहाची वेळ दिली होती. तलाठीबाई साडेनऊलाच आली.

लखू पुढं, ती मागं. तिशीची असेल. फिकट रंगाची साडी, खांद्याला मोठी पिशवी. तोंडावरून वाटत होतं की रात्री झोप झालेली नाही. आणखी काही मी बघितलं नाही, माझं सगळं लक्ष त्या पिशवीतून वर आलेल्या फाइलकडं होतं. मी हात पदराखाली घेतले.

"मालन चौगुले तुम्हीच का आजी?"

"व्हय."

"मी मगदूम. तलाठी. आत बसू या का? ऊन आहे."

ती खुर्चीवर बसली, लखू दाराशी उकिडवा. तिनं पाणी मागितलं. पाणी द्यायचं म्हणजे हात बाहेर काढायला हवेत. मी तांब्या पदरात धरून दिला, सोवळ्यातल्या बाईसारखा. तिनं ते बघितलं. तिचा फोन वाजला. तिनं नाव बघून बंद केला. मला वाटलं, तहसीलदाराचा असणार.

"घरात कोण कोण?"

"मी एकटीच."

"मुलं?"

"लेक हाय एक. दिली तिला."

"मालक?"

"जाऊन अडतीस वर्षं झाली."

"दाखला लावलाय तुम्ही. बघितला मी." तिनं पान उलटलं. फोन परत वाजला, तिनं परत बंद केला. "काम काय करता?"

"काय न्हाई." माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

"आधी करत होता?"

"हळद निवडायची. बाजारात."

"सोडलं कधी?"

"दिवाळीत."

ती काही लिहीत नव्हती. खोलीभर बघत होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. आणि तिची ती सावकाशी मला सोसवत नव्हती. रागावली असती, ओरडली असती, तर पाया तरी पडले असते. उदबत्तीच्या धुरानं मला खोकला आला. खोकताना तोंडावर हात गेला, आणि तो खाली घ्यायच्या आत तिचे डोळे तिथं पोचले.

"हात पिवळे आहेत तुमचे."

"लगीन हाय मॅडम," मी घोकलेलं म्हणून टाकलं. "पुतण्याचं. परवा हळद झाली. लावली."

दाराशी लखू खाकरला आणि त्यानं मान खाली घातली. मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या.

"तुम्ही लावली?"

"व्हय."

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. माझं कपाळ मोकळं, गळा मोकळा. त्यांच्या मांडीवरच्या फाइलीत माझ्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. आमच्याकडं कुठली विधवा लग्नाच्या हळदीला हात लावते? मी एक खोटं झाकायला असं खोटं बोलले होते, जे पहिलीतलं पोरही धरेल.

"लावू दिली तुम्हाला?" तिनं विचारलं.

मागं फिरायला जागा नव्हती. "दिली."

"कुणी काही बोललं नाही?"

"न्हाई."

"परातीत हात घालून? की कुणी तुमच्या हातावर वरून दिली?"

"परातीत. माझ्या हातानं."

"बाकीच्या सवाष्णींच्या आधी का नंतर?"

असं बारीकसारीक विचारणारा माणूस मी तोवर फक्त पोलिसात असतो असं ऐकलं होतं. "नंतर," मी म्हणाले. "पर लावली."

तिनं पेनाला टोपण लावलं. मी त्याचा अर्थ असा लावला, की आता तोंडी सगळं वदवून घ्यायचं आणि मग पंचनामा करायचा. ती पुढं वाकली. आवाज एकदम खाली आला होता.

"कुठलं घर हे? नाव सांगा त्यांचं. राहतात कुठं?"

झालं. आता ती तिथं जाऊन खात्री करणार. माझा पुतण्या होता खरा, पण तो पुण्याला, लग्न होऊन त्याला सहा वर्षं झालेली. मी भिंतीला टेकत खाली बसले.

"सांगा ना आजी," ती म्हणाली. "कुठं आहे असं घर?"

"न्हाई मॅडम," मी म्हणाले. "असलं घर कुठं न्हाई. मला कोण लावू देतंय हळद? खोटं बोलले मी." दोन्ही हात पदरातून काढून तिच्यापुढं धरले. "ही वखारीतली हाय. मी अजून जाते कामाला. अर्धा दिवस. छाती भरतीया म्हणून निम्मं केलं. फॉर्मात बी खोटंच लिवलंय. काय करायचं ते करा."

मला वाटलं होतं तिच्या तोंडावर राग येईल, नाहीतर पकडल्याचा आनंद. तसं काहीच झालं नाही. तिचा चेहरा नुसता उतरला. खूप वेळ ती माझ्या हातांकडं बघत होती.

"नाहीच ना," ती म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखं.

मग तिनं पेनाचं टोपण काढलं. "अर्ध्या दिवसाला काय देतात?"

मी सांगितलं. वर्षातले किती महिने काम असतं, तेही सांगितलं. तिनं फाइलीच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडेमोड केली, दोनदा तपासली.

"हे 'काम करत नाही' कुणी लिहिलं?"

"झेरॉक्सवाल्यानं. सही माझीच हाय पर."

"मर्यादा उत्पन्नाला आहे आजी. काम करायला बंदी नाही. अर्ध्या दिवसाचा रोज वर्षभराचा धरला तरी तुम्ही आत बसता. पूर्ण दिवस करत असतात तर बसला नसतात." तिनं ती ओळ खोडली, वर लिहिलं : अर्धा दिवस हळद निवडण्याचे काम. "इथं सही करा."

मला कळेना, हे खरं की काही डाव आहे. सही करताना लखूनं कागद धरून ठेवला. खरं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. मी कामाचे तास कमी केले होते म्हणूनच त्या पगाराला पात्र होते, आणि तेच मी चोरीच्या मालासारखं लपवत होते.

चौकशी संपली तरी ती उठेना. पुन्हा पाणी मागितलं. वखारीचं विचारलं, छातीचं विचारलं, कुठला डॉक्टर ते विचारलं. फोन तिसऱ्यांदा वाजला आणि तिनं तो पिशवीत तळाशी टाकला. बारा वाजून गेले. लखू दाराशी डुलक्या घेत होता. मी आपली धास्तावून समोर बसलेली, की अजून काय राहिलंय, आता काय निघतंय. शेवटी ती उठली. चप्पल घालताना म्हणाली, "एवढं घासू नका हातांना. सालं निघालीत."

जूनपासून पगार सुरू झाला. माझा अर्धा दिवस टिकला, औषध सुरू झालं. पण सबंध वर्ष लखूची सायकल गल्लीत दिसली की मी दाराआड व्हायची. वाटायचं, ती बाई परत येईल. तिनं त्या दिवशी काहीतरी मनात ठेवलं होतं, ते आता बाहेर काढेल.

पुढच्या मार्चात हयातीचा दाखला द्यायला चावडीत गेले. माणूस जिवंत आहे हे दर वर्षी दाखवावं लागतं, त्याशिवाय पगार पुढं चालत नाही. रांग मोठी होती. लखू बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसला होता. मी त्याच्याजवळ टेकले आणि वर्षभर घशात अडकलेलं विचारलं.

"लखू, त्या ऐतवारी माझ्या एकटीकडंच का रं आलावतास?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "कुणाला बोलू नगा. त्या दिशी मॅडमच्या धाकट्या भनीची हळद हुती घरात."

"मग?"

"मग काय. मॅडमचं मालक गाडीवरनं पडून गेल्यालं, त्याला तवा दोन वर्सं झालीवती. मालकांच्याच जागेवर लागल्यात त्या. आई म्हणाली म्हणं, तू त्येवढा येळ आतल्या खोलीत बस. तर ह्यांनी कामाचं निमित्त काढलं आन् भायेर पडल्या. मला म्हणाल्या, सगळ्यात लांबचं घर कुणाचं हाय, त्याची फाइल काढ. तुमचं निघालं."

मी पायरीवर बसूनच राहिले. रांगेतल्या बाया पुढं सरकत होत्या. ज्याला मी वर्षभर चौकशी समजत होते, ती चौकशी नव्हतीच. परातीत हात घालून लावली का, आधी का नंतर, घर कुठलं, हे तिला फाइलीसाठी नको होतं, स्वतःसाठी हवं होतं. आणि मी माझ्या भीतीत एवढी बुडालेली, की तिच्या मोकळ्या कपाळाकडं माझं लक्षसुद्धा गेलं नाही. जगात असं एक घर आहे असं मी तिला दोन मिनिटं वाटू दिलं, आणि मग घाबरून ते काढून घेतलं. मला इतकी लाज वाटली की रांग सोडून घरी जावंसं वाटलं.

पण माझा नंबर आला. ती टेबलामागं बसली होती. मला बघून ओळखीचं हसली.

"चौगुले आजी. हयात आहात ना?"

"हाय अजून."

तिनं शिक्का मारला, कागद माझ्याकडं सरकवला. मी तो घेतला नाही.

"मॅडम, त्ये घर हाय," मी म्हणाले.

"कुठलं घर?"

"तुम्ही इचारलं हुतं न्हवं. हळदीला हात लावू देणारं." "माझ्या नातीचं लगीन हाय वैशाखात. हळदीला तुम्ही या."

तिच्या हातातला शिक्का तसाच राहिला. माझ्यामागं कुणीतरी "चला की ओ आजी" म्हणालं. ती एवढंच म्हणाली, "लावू देतील?"

"देतील," मी म्हणाले.

हे मी तिला सांगितलेलं आणखी एक खोटं होतं. शालनला यातलं काही माहीत नव्हतं. विहीणबाईंना, म्हणजे शालनच्या सासूला, तर विचारायची सोयच नव्हती. चावडीतून घरी येईपर्यंत माझ्या मनात तीच जुनी भीती येऊन बसली, आणि पुढचे दोन महिने ती उठली नाही. नातीचं शुभकार्य, त्यात उद्या काही वाईट घडलं तर सगळे माझ्याकडं बोट दाखवणार. मी स्वतःही स्वतःकडंच दाखवलं असतं, इतकी ती रीत माझ्यात मुरलेली होती.

हळदीच्या दिवशी सकाळी मी वखारीत गेले. शालन म्हणाली, "आज तरी नगं जाऊस." मी ऐकलं नाही. एकपर्यंत निवडलं आणि हात न धुता लग्नघरी आले.

मांडवात नात पाटावर बसली होती. परात मध्ये, भोवती सवाष्णी. मी भिंतीकडच्या बायकांत बसायला पाहिजे होतं, माझी जागा तिथली. दाराशी मॅडम उभ्या होत्या, त्याच फिकट साडीत, आत यावं की येऊ नये अशा. त्यांना बघितल्यावर माझ्या पायांनी माझं ऐकायचं सोडलं. मी सरळ परातीपाशी गेले.

विहीणबाईंची नजर माझ्या हातांवर पडली. "अवो, तुमचं हात..."

"वखारीतलं हायत," मी म्हणाले. ते खरंच होतं.

बोटं परातीत घातली आणि नातीच्या गालाला लावली. ती हसली. माझे हात आधीच पिवळे. कुठली हळद बाजारातली आणि कुठली मांडवातली, ते कुणाला सांगता आलं नसतं. गलका थांबला होता. विहीणबाईंचं तोंड उघडं होतं, शब्द येत नव्हता. तो यायच्या आत मी दाराकडं बघितलं.

"मॅडम, या की," मी म्हणाले.

ती आली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. मी परातीची कड धरून ठेवली. तिनं दोन बोटं बुडवली. माझ्या नातीनं स्वतःच दुसरा गाल पुढं केला. त्यानंतर कुणीतरी गाणं सुरू केलं. बहुतेक शालननंच.

तिला सोडायला मी दारापर्यंत गेले. मोरीपाशी बादली भरलेली होती, साबण होता. तिनं तिकडं बघितलं, मग आपल्या दोन बोटांकडं. आणि हात तसाच धरून, न धुता, ती घरी गेली.